विधिमंडळांतील प्रश्न आणि तलाठ्याची रिकामी खुर्ची

विधिमंडळाचें अधिवेशन सुरू झालें कीं वर्तमानपत्रांत पहिले दोन-चार दिवस प्रश्नोत्तरांची हकीकत येते. अमुक खात्यांत इतक्या जागा रिकाम्या, तमुक दवाखान्यांत डॉक्टर नाहीं, अमक्या शाळेंत शिक्षक नाहीं, असे प्रश्न सभासद विचारतात, मंत्री उत्तर देतात, आणि आपण तें वाचून ‘विचारलें बुवा कोणीतरी एकदांचें’ असें म्हणून पत्र घडी करून ठेवतों. या प्रश्नांचें पुढें काय होतें, ते मुळांत कोठून येतात, आणि त्यांतून शेतकऱ्याच्या पदरांत कांहीं पडतें कीं नाहीं, याचा विचार आपल्या सभेच्या मासिकांत आजवर झालेला आमच्या पाहण्यांत नाहीं. तो आज करण्याचें योजिलें आहे.

आमचें मत आरंभींच सांगतों. सभासदाच्या हातीं जीं हत्यारें आहेत त्यांत प्रश्न हें सर्वांत स्वस्त हत्यार आहे. त्याला पक्षाचें बहुमत लागत नाहीं, पैसा लागत नाहीं, भाषण करण्याची हातोटीही लागत नाहीं. परंतु त्याला धार लावण्याचें काम एकट्या सभासदाचें नव्हे. तें खालीं गांवांत व्हावें लागतें, आणि तेथें तें होत नाहीं.

ज्यांनीं प्रश्नोत्तरांची छापील यादी पाहिली नसेल त्यांच्यासाठीं तिची ठेवण सांगणें जरूर आहे. प्रश्न तारांकित असला तर त्याचें उत्तर मंत्र्यानें सभागृहांत उभें राहून द्यावयाचें, आणि त्यावर सभासदांस उपप्रश्न विचारतां येतात. अतारांकित असला तर उत्तर लेखी येतें व तेथेंच प्रकरण मिटतें. प्रश्नाचे तुकडे पाडलेले असतात. पहिला तुकडा : ‘अमुक तालुक्यांत तलाठ्यांचीं पदें रिक्त आहेत, हें खरें आहे काय?’ दुसरा : ‘असल्यास, तीं भरण्याबाबत शासनानें कोणती कार्यवाही केली वा करण्यांत येत आहे?’ तिसरा : ‘नसल्यास, विलंबाचीं कारणें काय आहेत?’ उत्तरही तुकड्यांतच येतें. पहिल्यास, ‘अंशतः खरें आहे.’ दुसऱ्यास, ‘पदें भरण्याची कार्यवाही सुरू आहे.’ तिसऱ्यास, ‘प्रश्न उद्भवत नाहीं.’ हें शेवटचें वाक्य म्हणजे सरकारी मराठींतील एक रत्नच आहे. कार्यवाही सुरू आहे असें दुसऱ्या तुकड्यांत एकदां म्हटलें कीं विलंब झालाच नाहीं, आणि विलंबच नाहीं तर त्याचें कारण कोठलें? तर्कशास्त्राप्रमाणें सर्व बिनचूक आहे. फक्त साझ्यावर माणूस नाहीं, एवढेंच.

हें वाचून कोणी म्हणेल कीं असल्या प्रश्नांचा उपयोग तरी काय. त्यांनीं हा हक्क किती कष्टानें मिळाला तें आठवावें. गिरगांवचे जगन्नाथ शंकरशेट हे १८६१ च्या कायद्यान्वयें झालेल्या मुंबईच्या कायदेकौन्सिलांत जे पहिले हिंदी गृहस्थ नेमले गेले त्यांपैकीं एक. नानांसारखा वजनदार पुरुष तेथें जाऊन बसला खरा. परंतु त्या कायद्याप्रमाणें कौन्सिलानें पुढ्यांत आलेल्या बिलाखेरीज दुसरें कांहीं पाहावयाचेंच नव्हतें. राज्यकारभाराविषयीं एक साधा प्रश्नही सरकारास विचारण्याची मुभा सभासदास नव्हती. शेतकऱ्याचें गाऱ्हाणें सांगावयाचें तर बाहेरून अर्ज करावा, हा एकच मार्ग. १८७० सालीं स्थापन झालेल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेनें तो मार्ग उत्तम रीतीनें चालविला. १८७६-७८ च्या दुष्काळांत तिनें आपलीं माणसें जिल्ह्याजिल्ह्यांत धाडून माहिती जमविली व ती सरकारपुढें मांडली. तिच्यापाशीं अधिकार नव्हता. माहिती होती, आणि तेवढ्यावर सरकारास तिची दखल घ्यावी लागली. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण पुढें तिचें काम पडणार आहे.

प्रश्न विचारण्याचा हक्क १८९२ च्या कायद्यानें मिळाला, तोही लंगडा. आगाऊ सूचना द्यावी, अध्यक्षास वाटल्यास त्यानें कारण न सांगतां प्रश्न नाकारावा, आणि आलेल्या उत्तरावर पुन्हा विचारूं नये, असे नियम होते. १९०९ च्या सुधारणांनीं मूळ प्रश्नकर्त्यास उपप्रश्न विचारतां येऊं लागला. इतर सभासदांस तो हक्क मिळण्यास १९१९ चा कायदा यावा लागला. या लंगड्या हक्काच्या काळांतच, १९०१ सालीं, मुंबई सरकारनें जमीनमहसुलाच्या कायद्यास दुरुस्ती करणारें बिल आणलें. सारा थकून सरकारजमा झालेली जमीन पुन्हा लावून देतांना ती विकण्याचा वा गहाण टाकण्याचा कुळाचा हक्क काढून घेतां यावा, असा त्याचा रोख होता. फिरोजशहा मेहता यांनीं कसून विरोध केला, आणि तो व्यर्थ गेल्यावर ते सभागृह सोडून गेले. त्यांच्यामागोमाग गोखले वगैरे मंडळी गेली. बिल पास झालेंच. त्या सभात्यागाची आठवण शंभर वर्षें टिकली ती तसला प्रकार पिढींत एखाद्या वेळीं घडत असे म्हणून. हल्लीं सभात्याग न्याहारीइतका नित्याचा झाला आहे, आणि तो बहुधा नेमका प्रश्नोत्तरांच्या तासाला होतो. ज्या तासांत सरकार बांधलेलें असतें त्याच तासाला विरोधकांनीं बाहेर जावें, हें आम्हांस कधीं उमजलें नाहीं.

एकच प्रश्न नीट धरून ठेवला तर तो कोठवर जातो, याचें उदाहरण दूरचें नाहीं. १९५७ सालीं आयुर्विमा महामंडळानें एका उद्योगपतीचे शेअर घेतल्याबद्दल लोकसभेंत विचारणा झाली. उत्तर मोघम आलें. फिरोज गांधी यांनीं कागदपत्रें जमवून तो विषय सोडला नाहीं. न्यायमूर्ति छागला यांची उघड चौकशी येथें मुंबईंत झाली, आणि १९५८ सालीं अर्थमंत्र्यांस जागा खालीं करावी लागली. तेथें आवाज चढविण्यापेक्षां आंकडे कामास आले.

आतां प्रश्न वरून खालीं कसा येतो तें पाहूं. महसूल कचेरींत ज्यांचें आयुष्य गेलें त्यांस हा रस्ता तोंडपाठ आहे, तसा तो आम्हांसही आहे. सभासदाची सूचना विधिमंडळाच्या सचिवालयांतून मंत्रालयांतील खात्याकडे जाते. तेथून कक्ष अधिकाऱ्याच्या टेबलावरून विभागीय आयुक्तांकडे, तेथून कलेक्टर कचेरींत, आणि तेथून तहसिलींत. पूर्वीं तार येई, पुढें फॅक्स आला, हल्लीं मोबाइलवर संदेश येतो. मजकूर बदललेला नाहीं : ‘तारांकित प्रश्न. अत्यंत तातडीचें. माहिती आज सायंकाळपर्यंत न चुकतां.’ तहसिलींत तो कागद आस्थापना पाहणाऱ्या अव्वल कारकुनापुढें येऊन पडतो. गंमत अशी कीं तो बिचारा स्वतः दोन टेबलें सांभाळीत असतो, कारण शेजारची जागा रिकामी! रिकाम्या जागांची माहिती रिकाम्या जागेवरच्या बदली माणसानें भरावयाची. सोबत एक नमुना आलेला असतो. त्यांत तीन रकाने : मंजूर पदें, भरलेलीं पदें, रिक्त पदें. जागा केव्हांपासून रिकामी, तिचा कार्यभार कोणाकडे, त्यामुळें कोणतें काम किती तुंबलें, हे रकाने नमुन्यांत नसतात, आणि जो रकाना नाहीं तो भरण्याचा शहाणपणा कारकून करीत नाहीं. त्यानें तो करावा अशी अपेक्षाही वरच्यांची नसते.

मग ती माहिती चढूं लागते. तहसिलींत साझ्यांचीं नांवें ठाऊक असतात. जिल्ह्याला पोंचेपर्यंत तालुक्याचा एक आंकडा उरतो, आयुक्तांकडे जिल्ह्यांची बेरीज होते, आणि मंत्रालयांत तिचा शेंकडा निघतो. मंत्र्यांच्या हातीं जो कागद जातो त्यांत गांव शिल्लक राहिलेलें नसतें. गिरगांवांत चर्नी रोड स्थानकापाशीं सरकारी मध्यवर्ती छापखाना आहे. त्या वाटेनें जातां-येतां आमच्या मनांत येतें कीं सरकारी कागदांत आजवर किती बेरजा छापल्या गेल्या असतील, आणि त्या बेरजांत किती गांवें गडप झालीं असतील. मंत्री खोटें बोलतात असें आमचें म्हणणें नाहीं. विचारलें तेवढेंच ते सांगतात, आणि विचारणारानें बेरीज विचारलेली असते.

तलाठ्यावांचून काय अडतें हें खातेदारांस सांगण्याची जरूर नाहीं. तरी कायदा व वहिवाट यांतील अंतर दाखविण्यापुरतें सांगतों. जमीन खरेदी झाली, वांटणी झाली, कर्ता पुरुष वारला, कीं फेरफाराच्या वहींत, म्हणजे गांव नमुना नंबर सहामध्यें, नोंद घ्यावयाची. हितसंबंधितांस नोटीस द्यावयाची व हरकतीसाठीं पंधरा दिवस थांबावयाचें. हरकत न आल्यास मंडळ अधिकाऱ्यानें नोंद प्रमाणित करावयाची. मग ती सातबाऱ्यावर यावयाची. महसूल अधिनियम १९६६ सालचा आहे आणि त्यांतली ही रचना सरळ आहे. परंतु ज्या तलाठ्याकडे स्वतःच्या साझ्याखेरीज आणखी दोन साझे अतिरिक्त म्हणून आहेत, तो प्रत्येक ठिकाणीं आठवड्यांतून एखादा दिवस येणार. त्या दिवशीं कलेक्टरांची बैठक लागली तर तोही नाहीं. नोटीस बजावणी राहते, पंधरा दिवसांचे दोन महिने होतात. वारसाची नोंद नाहीं म्हणून सोसायटी पीककर्ज देत नाहीं. कर्ज नाहीं म्हणून सावकार. या साखळीची पहिली कडी कोठें आहे तें शोधूं गेल्यास ती एका निवृत्त झालेल्या माणसाच्या न भरलेल्या जागेपाशीं सांपडते.

अतिवृष्टि किंवा गारपीट झाली म्हणजे तर विचारूंच नये. तलाठी, ग्रामसेवक व कृषि सहायक या तिघांनीं मिळून पंचनामा करावयाचा असतो. तिघांपैकीं एकाचीही जागा रिकामी असली तर तीन पायांची तिवई दोन पायांवर उभी करण्याचा प्रकार होतो. २०२५ च्या सप्टेंबरांत मराठवाड्यांत शेतेंच्या शेतें पाण्याखालीं गेलीं, कोठें तर मातीही वाहून गेली. ऑक्टोबरांत सरकारनें ३१,६२८ कोटी रुपयांच्या साहाय्याची घोषणा केली. रक्कम मोठी होती, यांत शंका नाहीं. परंतु ती कोणत्या खातेदाराच्या नांवावर किती पडावयाची हें शेवटीं बांधावर उभें राहून पाहणारा माणूसच ठरवितो. तिजोरींत पैसा आहे आणि बांधावर माणूस नाहीं, अशी स्थिति झाली कीं गरिबाचा पंचनामा सर्वांत शेवटीं होतो.

मुंबईकरांस हा विषय परका वाटेल, परंतु तसें नाहीं. मुंबई शहराच्या जमिनींचें दप्तर कलेक्टरांकडे फोर्टांतील जुन्या कस्टम हाउसांत असतें, येथें गांवच्यासारखा तलाठी नाहीं. तरी गिरगांव, लालबाग, परळ येथल्या चाळींत राहणाऱ्या कित्येक कुटुंबांची वाडी किंवा भातजमीन कोकणांत आहे, आणि त्यांतले बरेच आपल्या सभेचे वर्गणीदारही आहेत. हीं मंडळी गणपतीच्या रजेंत चार दिवस गांवीं जातात. वडील वारल्यानंतरची नोंद राहिलेली असते म्हणून उमेदीनें तलाठ्याच्या कचेरीशीं जातात, तों दार बंद. आज दुसऱ्या गांवीं, उद्यां तालुक्याला. रजा संपते. नोंद पुढल्या गणपतीवर जाते. तोंपर्यंत चुलत्यानें कलमें स्वतःच्या नांवें दाखविलीं तर भांडण चाळींत येतें व तेथून कोर्टांत. भाऊबंदकीला कारणें थोडीं असतात असें नाहीं, पण त्यांत सरकारनें आपल्या कसुरीची भर घालूं नये.

जुने लोक म्हणतात, कुलकर्ण्यांच्या वेळीं असें नव्हतें. एका अर्थीं तें खरें आहे. वतनदारी असल्यामुळें जागा कधीं रिकामी पडत नसे, बाप गेला कीं मुलगा दप्तर घेऊन बसे. परंतु तें दप्तर गांवचें न राहतां त्या घराण्याचें होऊन बसे, आणि त्याचे चटके ज्यांनीं सोसले त्यांनीं तीं वतनें जावींत म्हणूनच आग्रह धरला. १९५० च्या कायद्यानें कुलकर्णी वतनें गेलीं, पाटिलकी पुढें १९६२ च्या कायद्यानें गेली. त्यांची जागा पगारी नोकरानें घेतली हें योग्यच झालें. मात्र पगारी नोकराची गादी आपोआप चालत नाहीं. ती भरावी लागते, आणि ती वेळेवर भरण्याची विद्या सरकारास अद्याप साधलेली नाहीं.

गेल्या कांहीं वर्षांचा क्रम पाहिला तर ही गोष्ट स्पष्ट होते. २०१७ च्या सुमारास क वर्गाच्या जागांसाठीं महापरीक्षा नांवाची संगणकावरची पद्धत निघाली. तिच्याविरुद्ध तक्रारींचा पाऊस पडून २०२० सालीं ती बंद झाली. २०१८ सालीं ७२,००० जागांच्या महाभरतीची घोषणा झाली. मे २०२० मध्यें साथीमुळें खर्चावर बंधन आलें व आरोग्यासारखीं खातीं वगळून नवी भरती थांबली. २०२२ सालीं स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवानिमित्त ७५,००० जागा भरण्याचें ठरलें. त्याच सुमारास माहितीच्या अधिकाराखालीं बाहेर आलेल्या आंकड्यांप्रमाणें राज्याचीं मंजूर पदें १०,७०,८४० होतीं व त्यांतलीं २,४४,४०५ रिकामीं होतीं, म्हणजे जवळजवळ चारांत एक. मग जून २०२३ मध्यें तलाठ्यांच्या ४,६४४ जागांची जाहिरात निघाली. अर्ज दहा लाखांहून अधिक आले. परीक्षेचें शुल्क एक हजार रुपये, राखीव वर्गांस नऊशें. एका खुर्चीमागें दोनशेंहून अधिक उमेदवार! त्या वर्षींच्या पावसाळी अधिवेशनांत या शुल्काविषयीं सभासदांनीं सरकारास धारेवर धरलें, आणि तें त्यांनीं योग्यच केलें.

२०२३ च्या सप्टेंबरांत आणखी एक प्रकार झाला. नऊ खाजगी संस्थांकडून कंत्राटी पद्धतीनें माणसें घेण्याचा शासन निर्णय निघाला. त्यावर सभागृहाबाहेर इतका गहजब झाला कीं ऑक्टोबरांत तो रद्द करण्यांत आला. आमच्या मतें महसुलाच्या कामांत कंत्राटी माणूस हा मोठा धोका आहे. आज आहे, उद्यां नाहीं, अशा माणसाच्या हातीं हक्काची नोंद द्यावयाची म्हणजे कुंपण भाड्यानें घेण्यासारखें आहे.

दरम्यान सरकारनें ३,११० नव्या साझ्यांस व ५१८ नव्या महसूल मंडळांस मंजुरी दिली, आणि २०२४ सालीं तलाठ्याचें पदनाम बदलून ‘ग्राम महसूल अधिकारी’ असें केलें. नवे साझे हवेच होते, कारण गांवें व खातीं वाढलीं. नांव लांबल्यानें काय साधलें तें आम्हांस कळत नाहीं. खातेदार अजून तलाठीच म्हणतो, आणि आम्हीही या लेखांत तेंच म्हटलें आहे.

आतां दोन आक्षेपांचा विचार करूं. पहिला असा कीं सातबारा संगणकावर आला, १ मे २०१८ पासून तो डिजिटल सहीनिशीं घरबसल्या मिळतो, १५ ऑगस्ट २०२१ पासून पिकाची पाहणी शेतकरी स्वतः मोबाइलवर नोंदवितो, मग तलाठी हवा कशाला? हा आक्षेप घेणारे बहुधा शहरांतले असतात. उतारा मिळणें सोपें झालें, हा लाभ आम्ही मनापासून मान्य करतों. एका उताऱ्यासाठीं दहा खेटे घालण्याचे दिवस गेले. परंतु उतारा म्हणजे नोंदीची छाया. नोंद चुकली असेल तर संगणक ती चूक मोठ्या इमानानें दहा वेळां छापून देतो. ती सुधारण्यास, जाबजबाब घेण्यास, बांध पाहण्यास माणूसच लागतो.

दुसरा आक्षेप खर्चाचा. पगार व पेन्शन यांतच राज्याचें उत्पन्न जातें, नव्या माणसांचें ओझें नको, असें अर्थखात्याचें म्हणणें. हें म्हणणें पोकळ नाहीं आणि शेतकऱ्यानें तें उडवून लावूं नये, कारण शेवटीं पैसा त्याचाही आहे. कोठें माणसें जास्त आहेत तीं कमी करावींत. आकृतिबंध सुधारावा. आमचें मागणें एवढेंच कीं जी जागा लागते म्हणून सरकारनेंच मंजूर केली ती रिकामी ठेवून काटकसर झाली असें मानूं नये. सरकारचा पगार वाचतो, आणि तीनशें खातेदारांची तालुक्याला जाण्यायेण्याची मजुरी बुडते. ती बुडीत कोणत्याच अंदाजपत्रकांत दिसत नाहीं.

सभासदांविषयींही दोन शब्द लिहिले पाहिजेत. सर्वांस एका मापानें मोजणें बरें नव्हे. सांगोल्याचे गणपतराव देशमुख अकरा वेळां निवडून आले, ते मतदारसंघांतल्या पाण्याचा व जमिनीचा प्रश्न तपशिलासकट मांडणारे म्हणून. तसे आजही कांहीं आहेत. परंतु प्रश्नांचा व्यापार करणारेही निघाले. डिसेंबर २००५ मध्यें संसदेंत प्रश्न विचारण्यासाठीं पैसे घेतल्यावरून अकरा खासदारांस घालवून द्यावें लागलें. त्याशिवाय वेळेची टंचाई. सप्टेंबर २०२० मधलें संसदेचें अधिवेशन प्रश्नोत्तरांच्या तासावांचून पार पडलें. साथीचें कारण होतें हें खरें, पण इतर कामांस ती साथ आडवी आली नाहीं. नागपूरचें हिवाळी अधिवेशन हें १९५३ च्या नागपूर कराराचें फळ. डिसेंबर २०२४ मध्यें तें १६ ते २१ असें सहा दिवसांत आटोपलें, आणि मंत्र्यांचें खातेवाटप जाहीर झालें तें २१ तारखेच्या रात्रीं. महसुलाचा मंत्री कोण हेंच ठरलेलें नसतां महसुलाचा प्रश्न कोणाच्या तोंडाकडे पाहून विचारावा?

तथापि सर्व दोष त्यांच्याच माथीं मारून चालणार नाहीं. आपण शेतकरी सभासदाकडे जातों तें काय मागण्यास? अमक्या तलाठ्याची बदली करा. तमका आपल्या बाजूचा आहे, त्यास येथेंच ठेवा. साझ्यावर माणूस नाहीं, तो द्या, असें लेखी सांगणारा गांव आम्ही फारच थोडा पाहिला. सभासदास माणूस मागितला जात नाहीं म्हणून तो माणसाचा प्रश्न वर्तमानपत्राच्या कात्रणावरून लिहितो, आणि कात्रणांत असते ती राज्याची बेरीज. बेरजेस उत्तर बेरजेचेंच येतें.

शिवाय एक मोठी गोष्ट सर्वांच्या नजरेंतून सुटते. नोकराची निवृत्तीची तारीख तो नोकरीस लागतो त्याच दिवशीं सेवापुस्तकावरून ठरलेली असते. पुढल्या वर्षीं कोणत्या महिन्यांत कोणता साझा रिकामा होणार हें कलेक्टर कचेरीस आजच सांगतां येतें. बिंदुनामावली तपासणें, जाहिरात देणें, परीक्षा घेणें यांस वेळ लागतो हें मान्य. पण तो वेळ जागा रिकामी झाल्यावर कां मोजावयास लागावा? मृत्यु अकस्मात येतो, निवृत्ति तशी येत नाहीं. हा उपप्रश्न आजवर कोणी विचारलेला आमच्या वाचनांत नाहीं, आणि याला ‘प्रश्न उद्भवत नाहीं’ हें उत्तर देणें अवघड जाईल.

म्हणून आपल्या सभेनें सार्वजनिक सभेचा जुना कित्ता गिरवावा, अशी आमची सूचना आहे. सभासदास भाषण लिहून देण्याची जरूर नाहीं, कोष्टक द्यावें. आणि त्यावरून जो प्रश्न तयार व्हावा तो असा असावा : अमुक तालुक्यांतील कोणकोणत्या साझ्यांवर स्वतंत्र तलाठी नाहीं, व प्रत्येक जागा कोणत्या तारखेपासून रिकामी आहे? त्या प्रत्येकाचा कार्यभार कोणाकडे आहे, व त्याजकडे एकंदर किती साझे व किती खातेदार होतात? नोटिशीची मुदत संपूनही प्रमाणित न झालेल्या नोंदी प्रत्येक साझ्यांत किती आहेत? पुढील बारा महिन्यांत निवृत्त होणाऱ्यांच्या जागा भरण्याचें काम कोणत्या तारखेस सुरू झालें? या प्रश्नाला साझ्याचें नांव घेतल्यावांचून उत्तर देतां येत नाहीं. मंत्र्यांनीं सभागृहांत तारीख कबूल केली तर तें आश्वासन होतें, आणि दिलेलीं आश्वासनें पाळलीं गेलीं कीं नाहीं हें पाहण्यास विधिमंडळाची आश्वासन समिति आहे. तिजकडे जाण्यास पुन्हा सभासदच लागतो, म्हणून उत्तर आलें त्या दिवशींच त्याची प्रत गांवच्या चावडीवर लावावी आणि एक प्रत आपल्यापाशीं ठेवावी.

कोष्टकासाठीं चार गोष्टी पुरेत : साझ्याचें व त्यांतील गांवांचें नांव, जागा रिकामी झाल्याची तारीख, कार्यभार असलेल्या तलाठ्याकडे एकंदर साझे किती, आणि अडलेल्या नोंदींचे फेरफार क्रमांक. माणसाचें नांव लिहूं नये व त्याच्याविरुद्ध तक्रारही लिहूं नये. दुसऱ्याचे दोन साझे ओढणारा तलाठी हा आपला वैरी नव्हे. प्रश्नांच्या सूचना अधिवेशनाच्या कित्येक दिवस आधीं द्याव्या लागतात. तेव्हां ज्या सभासदांस ही माहिती पाठवावयाची असेल त्यांनीं ती अधिवेशनाच्या निदान दोन महिने आधीं, तालुक्यावार, कागदाच्या एकाच बाजूस सुवाच्य अक्षरांत लिहून सभेच्या चिटणिसांकडे धाडावी.